तलावातील वनस्पतीप्लवक आणि डीएनएची मोजदाद

नागपूरच्या फुटाळा तलावाचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस हिरवेगार झाले की ‘शेवाळ वाढले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या हिरवेपणात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांत (वनस्पतीप्लवकांत), नेमके कोण कोण आहे, हे सांगणे बरेच अवघड आहे. वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की नमुन्यात पेशी टिकवणारे लुगॉलचे आयोडीन घालायचे, पेशी तळाशी बसू द्यायच्या आणि सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचकक्षात सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजायच्या. पेडिअ‍ॅस्ट्रमची नक्षीदार चकती किंवा मोठा डायटम (कवचधारी शैवाल) सरावलेली नजर लगेच ओळखते. दोन मायक्रॉनहून लहान पेशी मात्र सगळ्या सारख्याच, नुसते ठिपके दिसतात, आणि अहवालात त्यांची नोंद बहुधा ‘इतर’ अशी होते.

हे ‘इतर’ उलगडण्यासाठी जनुकीय पद्धत उपयोगी पडते. पाणी 0.2 मायक्रॉनच्या गाळणपडद्यातून ओढतात. हिरव्या तलावाच्या पाण्याने तो पडदा पाहता पाहता तुंबतो, म्हणून मोठ्या जाळीतून आधी गाळून घेणे सोयीचे वाटते, पण तसे केल्यास मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाच्या वसाहती वरच अडकून यादीतून गळण्याचा धोका असतो. डायटमचे कवच सिलिकाचे असल्याने बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून ते फोडावे लागते. नंतर केंद्रकयुक्त शैवालांसाठी 18एस या ओळख पटवणाऱ्या जनुकाचा व्ही4 किंवा व्ही9 भाग आणि नीलहरित शैवालांसाठी 16एस जनुक पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) वाढवून त्यांचा क्रम वाचतात व ज्ञात जातींच्या क्रमांच्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहतात. टारा ओशन्स या जागतिक सागरी संशोधन मोहिमेच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुद्राच्या उजेड पोहोचणाऱ्या थरातून केंद्रकयुक्त प्लवकांचे सुमारे 1 लाख 10 हजार जनुकीय गट निघाले, आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गट कोणत्याच ज्ञात समूहात बसवता आले नाहीत.

असे आकडे वाचून सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकावा, असे काहींना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. एखाद्या चिमुकल्या हिरव्या शैवालात 18एस जनुकाच्या मोजक्याच प्रती असतात, तर डायनोफ्लॅजेलेट या गटातील शैवालाच्या एका पेशीत त्या हजारोंनी असू शकतात. त्यामुळे वाचलेल्या क्रमांची टक्केवारी म्हणजे पेशींची टक्केवारी नव्हे, हे आलेख काढताना सर्रास विसरले जाते. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही पाण्यात काही काळ टिकतो. संदर्भसंग्रहात आपल्याकडच्या गोड्या पाण्यातील जातींचे क्रम नसतील, तर नागपूरच्याच अंबाझरी तलावाच्या नमुन्याला दूरदेशच्या एखाद्या नातेवाइकाचे नाव चिकटते आणि ते खरे मानले जाते. म्हणून एकाच बाटलीतील अर्धे पाणी आयोडीनमध्ये व अर्धे पडद्यावर घ्यावे, आणि इथले शैवाल वेगळे करून, वाढवून, त्याचे चित्र व क्रम दोन्ही एकत्र नोंदवावेत. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला सहसा अनुदान मिळत नाही, ही गोष्ट निराळी.

गोरेवाड्यासारख्या शहराच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेल्या तलावासाठी या पद्धतीचा सर्वांत रोकडा उपयोग मायक्रोसिस्टिसबाबत आहे. त्याचे विषारी आणि बिनविषारी वाण सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात. फरक असतो तो मायक्रोसिस्टिन हे विष बनवणाऱ्या एमसीवाय जनुकसमूहाचा. त्यातील एमसीवायई जनुकाची पीसीआर चाचणी वसाहती डोळ्यांना दिसण्याइतक्या माजण्यापूर्वीच इशारा देऊ शकते. मात्र जनुक सापडले म्हणजे विष तयार होतच आहे असे नाही. त्यासाठी पाण्यातील मायक्रोसिस्टिनची रासायनिक किंवा एलायझा (प्रतिपिंडांवर आधारित) चाचणी करावीच लागते.