मागच्या बाजूची सात नावे

अलिबाग परिसरातील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी (ज्यू) समाजाच्या कुटुंबांचे स्मृतिदगड कोरण्याचे काम आमच्या घरात वडिलांपासून चालत आले आहे. या कामात माणसाची ओळख बहुधा तो गेल्यानंतरच होते. डिसेंबर २०१८मधील एका रविवारी मात्र ज्यांच्या दगडाचा मजकूर ठरवायला मंडळी आमच्या कारखान्यात जमली होती, त्या आजींना मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यांच्या यजमानांचा दगड वडिलांनी कोरला, तेव्हा त्या स्वतः येऊन स्टुलावर बसत आणि खडूने आखलेल्या मराठी ओळींचे ऱ्हस्व-दीर्घ शिक्षिकेच्या नजरेने तपासत.

आजींचा जन्म १९२३चा. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. कोकणात या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच कारणाने. व्हर्नाक्युलर फायनल होऊन त्या मराठी शाळेत शिकवू लागल्या. यजमान रेल्वेत होते. १९४८ साली इस्राएलची स्थापना झाल्यानंतर भावंडे एकेक करून तिकडे गेली, पुढे थोरली मुलगीही गेली, आजी राहिल्या. आपण का राहिलो, याचा खुलासा त्यांनी कधी कोणाला दिल्याचे घरातही कोणाला आठवत नव्हते.

त्या रविवारी धाकटा मुलगा, सून, दोन नाती आणि सिनेगॉगचे (यहुदी प्रार्थनामंदिराचे) हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, असे सगळे आले होते. थोरली मुलगी इस्राएलमधल्या अश्दोदहून आणि आजींचा भाचा बीरशेबाहून फोनच्या पडद्यावर होते. तिकडे रविवार कामाचा दिवस असल्याने आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने बोलणी आमच्या रात्री नऊनंतर सुरू झाली.

पहिला प्रश्न तारखेचा निघाला. आजी गेल्या २२ जानेवारी २०१८ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास. दाखल्यावर तीच तारीख होती आणि मुलगी त्या दिवशी सकाळी असलेली हिब्रू तिथी, म्हणजे शेवात महिन्याची सहावी, धरून चालली होती. हजानांनी शांतपणे सांगितले की दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्या वेळी दिवे लागले होते, तेव्हा तिथी सातवी. दरवर्षी दिवा लावायचा आणि कादिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायचा तो याच तिथीला, त्यामुळे दगडावर ती चुकून चालणार नव्हती. मुलीने दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. पहिले वर्ष १३ जानेवारी २०१९ला भरत होते आणि दगड त्याच दिवशी उभा करायचा होता.

हिब्रू मजकूर ठरलेला असतो. वर ‘येथे पुरले आहे’ या अर्थाची दोन अक्षरे, मग नाव, वडिलांचे नाव, तिथी, आणि शेवटी आत्म्यासाठीच्या प्रार्थनेची पाच आद्याक्षरे. मला ती भाषा वाचता येत नाही, पण तिच्या अक्षरांची वळणे हातात बसली आहेत. दालेत आणि रेश यांत केवळ एका कोपऱ्याचा फरक असतो, आणि छिन्नी त्या कोपऱ्यावर जरा घसरली तर नाव बदलते. म्हणून हजान कागदावर लिहून देतात, मी दगडावर उतरवतो, ते उजवीकडून डावीकडे बोट फिरवत तपासतात, आणि त्यानंतरच मी पहिला घाव घालतो.

अडचण मराठी भागाची होती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात संगमरवराची अक्षरे लवकर झिजतात, म्हणून मी काळा ग्रॅनाइट सुचवला होता आणि दुरून वाचता यावे इतके मोठे अक्षर धरले, तर मराठीला चारच ओळी उरत होत्या. त्यांपैकी दोन नाव आणि तारखा यांनी व्यापल्या. उरलेल्या दोन ओळींत एवढे आयुष्य कसे मावावे, यावर बराच वेळ चर्चा चालली. मुलाला ‘शिक्षिका’ हवे होते. मोठ्या नातीला मलिद्याचा उल्लेख हवा होता, कारण अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनवीच्या टाप्यावर, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या स्थानी, जायचे ठरले की पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट आजीशिवाय कोणी रचत नसे. सुनेने चिकाच्या हलव्याची आठवण काढली. नव्या वर्षाच्या सणाला तो नारळाच्या दुधात शिजवताना त्या कोणाला कालथा हातात घेऊ देत नसत. ही सगळी माणसे ऐकत असताना मला जाणवत होते की प्रत्येक जण खरेच सांगत आहे, आणि तरी यातली कोणतीही ओळ आणखी दहा आजींच्या दगडावर चालली असती.

मग बीरशेबाचा भाचा बोलू लागला. इतका वेळ तो गप्प होता. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) निर्देशाने बेने इस्राएल माणसाच्या लग्नाआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करायला सांगितले होते. हा समाज यहुदी म्हणून पुरा मानायचा की नाही, असाच तो प्रश्न होता. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली हा समाज सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे तिथल्या संसदेने जाहीर केले. त्या मधल्या काळात भाच्याच्या मोठ्या बहिणीचे लग्न अडले होते. तिच्या आईने, म्हणजे आजींच्या धाकट्या बहिणीने, अलिबागला पत्र टाकले. आजींनी उलट टपाली उत्तर पाठवले, त्यात आईच्या बाजूच्या सात पिढ्यांतील बायकांची नावे, प्रत्येकीचे गाव आणि तिच्या नवऱ्याचे नाव क्रमाने लिहिले होते. कुठलीही वही समोर नव्हती. स्वतःच्या आजीकडून ऐकलेले त्यांना पाठ होते. भाच्याने तो कागद पडद्यासमोर धरला: शाळेतल्या फळ्यावर काढावे तसे वळणदार अक्षर, शाई मात्र फिकी झालेली.

कारखान्यात कोणीच काही बोलले नाही. धाकट्या नातीने आपणहून पाटीवर लिहिले, ‘शिक्षिका. आईकडील सात पिढ्यांची नावे यांना तोंडपाठ होती.’ ओळ साधी होती, तिच्यात एकही विशेषण नव्हते, आणि ती फक्त त्यांचीच होती. मी माप घेऊन पाहिले. दोन ओळींत बसत होती.

तेव्हा मुलीने अश्दोदहून विचारले की ती नावे दगडाच्या मागे कोरता येतील का. आम्ही अक्षरामागे मजुरी घेतो. आकडा सांगताना मला संकोच वाटला, म्हणून मागच्या बाजूची मजुरी मी घेणार नाही असे म्हणालो. मुलाने ते मान्य केले नाही. आईने कोणाची मेहनत फुकट घेतली नव्हती, एवढेच तो म्हणाला, आणि मी पुढे वाद घातला नाही.

भाच्याने कागदाचे छायाचित्र पाठवले. सर्वांत जुनी तीन नावे आमच्या घरातल्या पणजी-खापरपणजीची असावीत तशी अस्सल कोकणी होती, आणि अलीकडची बायबलमधली. हजानांनी सातही तपासली. सर्वांत जुनी वर आणि आजींची आई खाली, असा क्रम धरून मी ती कोरली.

१२ जानेवारीला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर आम्ही दगड दफनभूमीत नेला. कबर कुंपणाच्या भिंतीला लागून होती, आणि नेहमीच्या रांगेत दगड बसवला असता तर मागे हात घालण्यापुरतीच फट राहिली असती. मुलाशी आणि हजानांशी बोलून मी पाया हातभर पुढे घेतला, म्हणजे माणसाला मागे जाऊन उभे राहता येईल आणि सातही नावे वाचता येतील.