सोनखताचा ढीग: मार्गशीर्ष ते माघ

किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत सोनखताचा, म्हणजे बादली-संडासातला मैला कुजवायचा, ढीग गार पडतो तो गारठ्यामुळे क्वचितच, वाळल्यामुळे जास्त. रात्री पारा 17-18 अंशांवर आला तरी दीड मीटर लांब-रुंद, सव्वा मीटर उंच ढिगाच्या पोटात तो गारवा फारसा पोचत नाही. पण पहाटे घाटाकडून येणारं कोरडं वारं कडा वाळवत आत सरकतं. ओल 50 टक्क्यांच्या बरीच खाली गेली की जिवाणू मंदावतात.

म्हणून यंदा पूर्वेची बाजू जांभ्याच्या चिऱ्यांनी बंद केली, बाकी तिन्हीकडे नारळाची झापं. आतून कडेला वीतभर जाड पेंढा, माथ्यावर हातभर. ताडपत्री आवळून बांधू नये, हवा कोंडते.

पाणी वरून शिंपडलं तर पेंढाच पितो. पहारेने मधोमध दोन फूट खोल चार-पाच भोकं पाडायची आणि प्रत्येकात तीन-चार लिटर ओतायचं. आपल्याकडे विहिरीचं पाणी कोमटच असतं, तापवायची गरज नाही. बादल्या धुतलेलं पाणी आणि लघवीही इथेच ओतावी. नत्राचा मोठा वाटा लघवीत असतो. ती वेगळी काढली की ढीग रेंगाळतो. हातमोजे घालून मधली मूठभर दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब सुटला की पुरे. धार लागली तर कोरडा भुसा मिसळा, नाहीतर कुजका वास सुटतो.

बादलीत टाकायला सॉ मिलचा ओलसर भुसा सर्वांत चांगला, प्लायवूडचा मात्र अजिबात नको. तूस सिलिकामुळे लवकर कुजत नाही, हवा खेळती ठेवण्यापुरतंच घ्या. काथ्याचा भुसा ओल छान धरतो, पण एक तृतीयांशाच्या वर गेला की ढीग चिकट होतो. राख नको, तिच्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

रोज एक बादली ओतण्यापेक्षा झाकणाच्या तीन-चार बादल्या साठवून एकदम मध्यभागी खळग्यात रिकाम्या कराव्यात. ढीग कमी वेळा उघडतो आणि ताजा माल गरम भागातच पडतो.

पौषात मधलं तापमान 52 ते 57 अंश राहिलं, कोपऱ्यांत जेमतेम 35. जंतांची अंडी 50 अंशांना एका दिवसात मरतात, 46 ला आठवडा लागतो, 43 ला महिना. म्हणजे 45 वर अडकलेला ढीगही वाया गेलेला नसतो. कोपऱ्यांचा भरवसा मात्र धरू नये: ढीग भरल्यावर वर्षभर तसाच मुरू द्यावा आणि खत माडा-आंब्याच्या आळ्यातच घालावं, पालेभाजीला नाही.