खणाची पिशवी: शिवण सरकायची थांबली, आराखडा मात्र पुन्हा बदलला

शिवण टिकली. चार किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर खुंटीला टांगली, तरी सकाळी बाजूच्या टिपेलगत जाळी पडलेली नव्हती. मागच्या नोंदीत जिथं ताणा (कापडातले उभे धागे) आणि टीप यांच्यामधून बोट जाईल अशी फट दाखवली होती, तीच ही जागा. खण तोच, दोरा तोच. फरक एवढाच, की वजन आता खणावर पडतच नाही.

ज्यांची पिशवी अजून उघडी पडते आहे त्यांच्यासाठी आधी कारण नीट मांडतो, कारण उपाय चुकीच्या जागी करून फार दोरा वाया जातो. टीप सुटलेली नसते, दोराही तुटलेला नसतो, मार्जिनही (टिपेबाहेर ठेवलेलं जादा कापड) उसवलेलं नसतं. तरी टिपेच्या कडेला उभे धागे बाजूला होतात आणि मधे नुसते आडवे धागे शिडीसारखे दिसतात. खणाचा ताणा रेशमाचा असो की आर्ट सिल्कचा, तो गुळगुळीत असतो. बाजूची शिवण ताण्याला समांतर येते, त्यामुळे टीप ताण्याचे धागे पकडते. पिशवी भरली की ओढ आडवी बसते, आणि पकडलेले हे धागे बाण्यावरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, घसरत टिपेसकट सरकतात. विणीत धागे जितके विरळ, तितकी घसरण जास्त. ओटीत येणाऱ्या स्वस्तातल्या खणांना खळ भरपूर असते, म्हणून ते हाताला भरीव लागतात. ओलं फडकं फिरवून खळ निघाली की खरी वीण कळते.

विकत घ्यायच्या आधी दुकानातच ही परीक्षा करा: दोन्ही अंगठे कापडावर अर्ध्या इंचाच्या अंतरानं टेकवा आणि दाबून विरुद्ध दिशांना ओढा. मधे जाळी दिसली तर तो खण तोरणाला, उशीच्या झालरीला चांगला, पिशवीला एकट्यानं नाही. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे की. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण यात बराच टिकतो, पण त्याची किंमत बघता पहिली पिशवी त्यातून कापायला हात धजावत नाही.

आता, काय केल्यानं फायदा होत नाही ते. टाके बारीक करून फारसा होत नाही. इंचाला १० ऐवजी १५ टाके घातले की नाजूक धाग्यांना भोकं जास्त पडतात, पण घसरण फारशी कमी होत नाही. दुहेरी टीप म्हणजे घसरणाऱ्या धाग्यांनाच आणखी एकदा पकडणं. पिको किंवा इंटरलॉक कडेचं उसवणं थांबवतं, टिपेजवळची घसरण नाही. मार्जिन पाऊण इंच ठेवलं तर थोडा फरक पडतो, कारण सरकणाऱ्या धाग्यामागं धरून ठेवायला तेवढं विणलेलं कापड उरतं. पाव इंच मार्जिनवर खण शिवूच नये.

खरा फरक दोन गोष्टींनी पडला, पेस्टिंग आणि अस्तर.

पेस्टिंग म्हणजे मागून इस्त्रीनं चिकटणारं कापड. यात बाजारात दोन जाती. एक कागदासारखी, न विणलेली, हातानं फाटणारी. ती कॉलरच्या आत ठीक, पण ओढ सोसत नाही, आणि पिशवी घडी पडलेल्या खोक्यासारखी कडक होते. दुसरी विणलेली सुती, पातळ. हीच हवी. बेळगावच्या खडेबाजारात ‘कॉटन पेस्टिंग’ म्हणून मागितलं तरी कागदी हातात येऊ शकतं, म्हणून कोपरा उजेडात धरून विणीचे चौकोन दिसतात का ते बघूनच मोजून घ्या. बुकरम नको. खणाची झूळ, म्हणजे मऊ पडणं, मरते.

लावायचा क्रम महत्त्वाचा: आधी खणाला वाफेची इस्त्री, मग पेस्टिंग, मग आखणी, सगळ्यात शेवटी कात्री. उलटं केलं की कापलेल्या कडेचे धागे इस्त्रीखाली सुटतात आणि मार्जिन नावालाच राहतं. वाफ आधी द्यायची कारण खण थोडा आटतो, तो पेस्टिंग चिकटल्यावर आटला तर पृष्ठभागावर फुगे येतात. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, एका जागी १० ते १२ सेकंद, वर ओलसर मलमल. चिकटलेला तुकडा पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका, गरम असतानाच उचलला की कोपरे सुटतात. पॉलिस्टरच्या खणावर मध्यम आचच. खात्री नसेल तर दोन धागे काढून जाळा: पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, सूत कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. दोन धागे म्हणजे ताण्यातला एक आणि बाण्यातला एक. नाहीतर अर्धीच माहिती मिळते.

पावसाळ्यात बेळगावकडं हवा इतकी दमट, की कपाटातला खणही ओलसर असतो. पेस्टिंग लावायच्या आधी दोन्ही तुकडे कोरड्या इस्त्रीनं एकदा तापवून घ्या. त्या दिवसांत सुयांची डबीही सांभाळावी लागते, आत खडूचा तुकडा टाकून ठेवला की ओल शोषली जाते. गंजाचा ठिपका असलेली सुई खणात गेली की धागा ओढला जाऊन कापडभर आडवी रेघ उमटते, आणि ती रेघ परत बसत नाही.

पण नुसत्या पेस्टिंगनं दोन किलोपर्यंतच निभावलं. त्यापुढं तळाच्या कोपऱ्यात फट दिसायला लागली. कोपरा मारताना तिथं शिवण तिरकी ओढली जाते, आणि तिरक्या ओढीला खण अजिबात उभा राहत नाही.

म्हणून अस्तर. आतापर्यंत अस्तर खणाच्या मापाचंच कापलं जायचं, तिथंच गोम होती. मापं सारखी असली की भार दोघांवर वाटला जातो, आणि त्यातलं दुबळं कापड आधी उघडं पडतं. अस्तर खणापेक्षा किंचित लहान केलं की वस्तू आधी अस्तरावर टेकते. खण बाहेरून नुसता पांघरलेला राहतो, त्याला ओढ लागतच नाही.

मापं अशी. खणाचे दोन तुकडे, प्रत्येकी १६ इंच रुंद आणि साडेपंधरा इंच उंच, सगळीकडं मार्जिन पाऊण इंच. अस्तर मांजरपाटाचं, तितकंच कापलेलं, पण शिवताना फरक. बाजूची टीप तोंडाशी पाऊण इंचावर सुरू करायची आणि तळाशी येताना एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत घ्यायची, म्हणजे सात सुतांवर संपवायची. तळाची टीप पाऊण इंचाऐवजी एक इंचावर. त्यामुळं तोंडाशी दोन्ही कापडं बरोबर बसतात आणि तळाशी अस्तर पाव इंच वर राहतं. पाव इंचापेक्षा जास्त नको, बाहेर खण लोंबतो.

कोपरे दोन्हीकडं चार इंचांचे: बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून त्रिकोण करा, टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप, टोक पाऊण इंच ठेवून कापा. हे झालं की तळ साडेदहा बाय चार इंच, उंची बारा इंच. टोक खणाचं कापा, अस्तराचं कापू नका. ते दोन्ही त्रिकोण मधे वळवून तळाला टाचले की तळाच्या दोन्ही कडा आपोआप दुहेरी होतात. छोटी गोष्ट, पण तळ त्यामुळं किती बसका होतो ते एकदा करून बघाच.

मांजरपाट कापायच्या आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा मांजरपाट हमखास आटतो, मीटरमागं दोन-तीन इंच जास्त घ्यावा. न आटवता शिवला तर पहिल्या धुण्यात अस्तर आवळतं आणि खण बाहेर चुण्या धरतो. मग तो खणाचा दोष समजला जातो.

बंदही अस्तरालाच. एक इंची सुती निवार पट्टी, प्रत्येकी २६ इंच: चार इंच खाली, अठरा इंच बाहेर, परत चार इंच खाली. टोकं अस्तराच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे अस्तर आणि खण यांच्या मधे, बाजूपासून साडेतीन इंचांवर. मागून मांजरपाटाचा दुहेरी चौकोन ठेवून चौकटीची टीप आणि आत फुली. इथं १६ नंबरची सुई. खणावर ११, खण-पेस्टिंग-अस्तर एकत्र असेल तिथं १४. सगळीकडं १४ नंबरवर भागवणारे भेटतात, पण खणावर तिची भोकं इस्त्रीनंतरही दिसतात. दोरा स्पन पॉलिस्टरचा. सुती दोऱ्याचा आग्रह इथं सोडावा, दमट हवेत तो बॉबिनमधे फुगतो आणि टीप सैल-घट्ट होते.

उलटवण्यासाठी अस्तराच्या तळाला भोक ठेवायची पद्धत या पिशवीत चालणार नाही. सगळा भार ज्या शिवणीवर, तीच हातानं बुजवलेली, हे बरं नव्हे. अस्तर आत सोडा, दोन्हीची तोंडं पाऊण इंच आत दुमडून समोरासमोर आणा, मधे चेनची पट्टी धरा आणि वरून दोन टिपा. चेन ५ नंबरची, मीटरवर घेतलेली, रनर सुटे. तयार मापाची चेन घेतली की एक तर लहान पडते नाहीतर कोपऱ्यात दुमडावी लागते. या खेपेला चेनची दोन्ही टोकं खणाच्या छोट्या पट्टीत गुंडाळली, दोन इंच बाय सव्वा इंच. कोपरा इतका स्वच्छ आला की आतली बाजू बाहेर ठेवावी असं वाटतं.

कसुतीचा, म्हणजे धागे मोजून घालायच्या कर्नाटकी भरतकामाचा, बेत मात्र बदलला. खणावरच गवंती (कसुतीचा दुहेरी धावता टाका) घालायची होती, पण खणात विणलेलं नक्षीकाम धाग्यांची मोजणी मोडतं, आणि कसुती तर मोजून घालायची. साध्या विणीवरच ती सरळ येते. आता आतला खिसा मॅटी (धागे सहज मोजता येतात अशा) कापडाचा, त्यावर गवंतीची गोपुराची रांग. जाताना एकाआड एक टाका, येताना रिकाम्या जागा भरायच्या, गाठ कुठंच नाही, म्हणजे खिशाची आतली बाजूही बाहेरसारखीच दिसते. मुरगी (पायऱ्यांसारखा नागमोडी टाका) कोपऱ्यात शोभेल. मेंथी (फुलीचा टाका) नको, उलट बाजूला तिची फुली तशी दिसत नाही.

आणि हे सगळं लिहिताना काठाचा विचार सुचला, त्यामुळं पुढची पिशवी वेगळी कापणार. काठाच्या किनारीला बाणा वळून परत आत जातो, म्हणून कडेचा ताण्याचा धागा बाहेर निसटू शकत नाही. म्हणजे खणाची सगळ्यात घट्ट जागा आपण आजवर कापून बाजूला टाकत होतो! दोन तुकडे कशाला? ३० इंच पन्ह्याचा (रुंदीचा) खण असेल तर एकच तुकडा, साडेपंधरा इंच लांब. तो उभा गोल वळवायचा, काठावर काठ अर्धा इंच चढवायचा आणि दोन्ही कडांवरून टीप. कडा कच्ची नसल्यानं दुमडायचीही गरज नाही. ही शिवण बाजूला न ठेवता मागच्या मध्यावर आणली की मागं जोडकाठाचा उभा पट्टा दिसेल आणि पुढचं नक्षीकाम अखंड राहील. घेर साडेएकोणतीस इंच. अस्तर मग साडेतीस इंच रुंद कापायचं, मार्जिन अर्धा इंच, तळाशी तेच एक सूत आत. अस्तराची शिवण बाजूलाच राहू द्या, दोन जाड शिवणी एकावर एक नकोत. मात्र यंत्रमागाच्या काही खणांची किनार कापलेली असते, झालरीसारखे बाण्याचे तुकडे बाहेर दिसतात. तिथं ही युक्ती चालणार नाही, किनारीवरून बोट फिरवून बघा.

हिशेबही जमतो. साडेपंधराचे दोन म्हणजे ३१ इंच, ८० सेंटिमीटरच्या खणात दोन पिशव्या. आधीच्या कापणीत एका पिशवीलाच तेवढी लांबी लागायची आणि शेजारी चौदा इंची पट्टी पडून राहायची. त्या साठलेल्या पट्ट्या संक्रांतीच्या वाणाच्या बटव्यांना जातील, नऊ इंचांचा चौकोन, आत मलमल, नाडी दोन्ही बाजूंनी. ते काम सोपं आहे, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

तळाच्या शिवणीला काठ नाही, ती कापलेलीच राहणार. तिथं पेस्टिंग ठेवायचं, वर फक्त तळापासून पाच इंचांपर्यंतच लावून बघायचं. झूळ राहिली आणि पाच किलोलाही मागचा जोडकाठ सरकला नाही, तर पूर्ण पेस्टिंग बंद.