तेलाचं नाव नंतर, आधी सांगा तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं

"ताई, केस फार गळतायत, कोणतं तेल लावू?" १९ वर्षं पार्लर चालवतेय आणि हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी येतोच, खुर्चीत बसल्या बसल्या, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर तर फोटोसकट. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही, पण डोकी रोज हाताखाली असतात आणि इतक्या जणींना घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे गेलेय की तिथे ऐकून ऐकून बरंच समजलंय.

मागच्या नोव्हेंबरात एक मुलगी आली, हातात प्लास्टिकची छोटी पिशवी, त्यात चार दिवसांचे गळलेले केस जपून ठेवलेले. रडवेली झाली होती. "मुळासकट येतायत ओ ताई, बघा ना." आणि खरंच, एक केस ट्यूबलाइटखाली धरला तर टोकाला पांढरा दाणा, खसखशीपेक्षाही बारीक. हा दाणा बघून बहुतेक जणी घाबरतात पण ते मूळ नव्हेच, मूळ टाळूच्या आत शाबूत असतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग सुटून येतो, पांढरा दाणा म्हणजे त्या बसून राहिलेल्या केसाचं टोक. डोक्यावर लाखभर केस असतात, त्यातले रोज ५० ते १०० असे जाणारच. (दाणा नसेल आणि केस मधेच तुटलेला असेल तर ती गळती नाही, तुटणं आहे, म्हणजे स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओल्या केसांत ओढलेली फणी.)

मी तिला विचारलं, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? आधी काहीच नाही म्हणाली, शाम्पू बदलला एवढंच. मग आठवलं, ऑगस्टमध्ये डेंग्यू, पाच दिवस ॲडमिट. तेच ते. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, घरात मयत, असा दणका बसला की खूपसे केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळायला लागतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कोव्हिडनंतर ज्यांचे मूठमूठ गेले त्यातल्या बहुतेकांचं हेच होतं. आणि ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते.

आता तेलाचं सांगते. मुलगी झाली तेव्हा माझेपण चौथ्या महिन्यात असे गेले की बाथरूमची जाळी तुंबायची. आत्याने माका-जास्वंदाचं तेल पाठवलं, मी मन लावून चोळलं, नंतर कपाळाच्या कडेला बारीक बारीक नवे केस उभे राहिले आणि पुढची कितीतरी वर्षं मी प्रत्येक बाळंतिणीला तेच तेल सांगत राहिले. बाळंतपणानंतरचे केस बहुतेकींचे बाळ वर्षाचं होईपर्यंत तसेही परत येतात हे मला फार उशिरा कळलं. तेलाने केस मऊ राहतात, तुटत कमी, चोळून घेताना बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण जे आपोआप थांबणारच होतं त्याचं श्रेय तेलाला मिळतं, आणि ज्याला खरंच औषध हवं तो बिचारा त्याच तेलावर वर्ष घालवतो, याचा मला खरंच राग येतो.

सहा महिन्यांनंतरही गळतच असतील तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनसुद्धा फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, कमी असू शकतं, पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हमखास बघा. थायरॉइड बघा. पण गोळ्या मनाने सुरू करू नका, कारण जास्त झालं तरी केस जातात, अ जीवनसत्त्वानेही आणि सेलेनियम नावाच्या खनिजानेही. २०२५च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊन टक्कल पडलं होतं, आठवतंय? आधी पाण्यावर संशय, बुरशीवर संशय, शाम्पूवर संशय, नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं.

भांग रुंद होत जाणं मात्र वेगळं. त्यात पिशवी भरून केस गळत नाहीत, प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक येतो, आणि एक दिवस फोटोत टाळू दिसते. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि माथा. हे आनुवंशिक आणि हार्मोनचं आहे, आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही. इथे मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं औषध, उपयोगी पडतं, पण पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते आणि घाबरून लोक तिथेच सोडतात. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, आणि बंद केलं की मिळवलेलं हळूहळू जातं हे आधीच माहीत असू द्या.

चाई तर सगळ्यांना माहिताय, रुपयाएवढी गुळगुळीत जागा. ती कुणाच्या फणीने लागत नाही, किड्याने खाल्लेली नसते, आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळावर उठते. बरेचदा आपोआप भरते, नाहीतर डॉक्टर तिथे बारीक इंजेक्शनं देतात. कृपा करून बिब्बा लावू नका. दहावीतल्या एका पोराच्या डोक्याला घरच्यांनी लावला होता, ते फोड मी पाहिलेत. लहान मुलांत जागा खपलीची आणि केस अर्धवट तुटलेले असतील तर तो नायटा, त्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसतं मलम पुरत नाही. आणि शाळेसाठी घट्ट वेण्या घालता ना, कानशिलावरचे केस विरळ दिसले तर लगेच सैल करा, लवकर लक्षात आलं तर परत येतात.

एक गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या शेजारच्या काकू टाळूला खाज येते, आग होते म्हणायच्या. मला वाटलं कोंडा, मी वर्षभर त्यांना स्पा करत राहिले. माथ्यावरची जागा चकचकीत होत गेली आणि मला कळलं नाही. शेवटी त्यांच्या सुनेने डॉक्टरांकडे नेलं, तिथे टाळूचा छोटा तुकडा काढून तपासला, लायकेन प्लॅनोपायलरिस निघालं. यात मुळंच जळतात, तिथे व्रण बनतो, गेलेले केस परत येत नाहीत, औषधाने उरलेले वाचवता येतात एवढंच. ते वर्ष मी घालवलं. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. अजून येतात, मी त्यांचा भांग उजवीकडून पाडते म्हणजे जागा झाकली जाते.

तेव्हापासून खुर्चीजवळच्या ड्रॉवरमध्ये टॉर्च असतो. नवीन कुणी आलं की आधी टाळू बघते, जिथे केस नाहीत तिथे केसांची बारीक छिद्रं दिसतायत का. नसतील दिसत तर मी स्पा करत नाही, कितीही आग्रह केला तरी, आणि त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे जा म्हणून मागे लागते.