सरकलेला ठिपका

अक्षय तृतीयेची पुरणपोळी अंगावर आलेली, त्यात नागपूरच्या मानेवाड्यातली गच्ची. सहा बादल्या पाणी मारूनही रात्री साडेदहाला चटईतून पाठ भाजत होती. चंद्रकोर मावळली की वेस्टा शोधायचा, हे आठवडाभर आधी ठरलेलं. लघुग्रहांमध्ये सगळ्यांत तेजस्वी हाच. तेव्हा तूळ राशीत, साधारण ५.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक), शहराच्या उजेडात दुर्बीण हवीच.

१०×५० ची दुर्बीण कुलरच्या स्टँडवर टेकवली आणि चित्रा ताऱ्यापासून डावीकडे सरकत गेले. दिसले नुसते ठिपके. एकही ‘मी दगड आहे’ म्हणेना. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षलनं १८०२ मध्ये लघुग्रहांना ‘ताऱ्यासारखे’ अशा अर्थाचं नाव दिलं, ते उगाच नाही. टॉर्चला लाल पन्नी गुंडाळून मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर नऊ ठिपके काढले. त्यातल्या सगळ्यांत जाड ठिपक्याभोवती ऐटीत गोल केला. सासूबाईंना उठवून दाखवलाही.

तेवढ्यात शेजारचे काका कुलरमध्ये पाणी भरायला वर आले.

“काय पाहून राहिली बाई एवढ्या रात्री?”

“दगड.”

पाइप हातात धरून ते उभेच राहिले. म्हटलं, काका, समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ५२० किलोमीटरचा, हा दगड ५२५ चा. इथून सुमारे १७ कोटी किलोमीटरवर. “बाप्पा!” म्हणेपर्यंत कुलर भरून पाणी माझ्या चटईखाली आलं होतं. बरंच झालं म्हणा, पाठ थंडावली.

दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्री वही उघडून बसले, तर माझा गोल केलेला ठिपका जागच्या जागी, ढिम्म. म्हणजे तारा! एकेक ठिपका ताडून पाहिला. आठ जुळले. नववा, जो मी कोपऱ्यात घाईघाईनं टेकवला होता, तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा पश्चिमेला सरकलेला. आतल्या कक्षेतून आपली पृथ्वी वेगानं त्याच्या पुढं निघतेय, म्हणून तो असा मागं जाताना दिसतो. पंचांगवाले ज्याला वक्री म्हणतात ते हेच.

पुन्हा सासूबाईंना हलवलं.

“परवाचा नाही?”

“नाही, तो दुसराच होता.”

“मग हा तरी खरा आहे ना? का उद्या अजून उठवशीन?”