बाटलीचा काटा आणि माझी फजिती

रस्त्याच्या सबग्रेडची, म्हणजे रस्त्याखालच्या दाबलेल्या मातीच्या थराची, डेन्सिटी (घनता) घ्यायला लागलो तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातलं काम, काळी माती काढून मुरूम भरलेला, मे महिना, आणि सकाळी ९ ला टँकरने मारलेलं पाणी ११ पर्यंत उडून जायचं. आमचे लॅबमधले मामा मुरूम मुठीत दाबून बघायचे, लाडू वळला पाहिजे पण हाताला चिखल लागता कामा नये. मी मनात हसायचो, पण ओव्हनचा रिपोर्ट आला की मामांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघायचा.

तर त्या दिवशी सँड रिप्लेसमेंट टेस्ट लावली, म्हणजे खड्ड्यात किती वाळू मावते त्यावरून खड्ड्याचं आकारमान आणि मग डेन्सिटी काढायची. प्लेट ठेवली, छिन्नीने खड्डा केला, निघालेला सगळा मुरूम चमच्याने गोळा करून वजन केलं, मग खड्ड्यात वाळू सोडली. बल्क डेन्सिटी, म्हणजे ओलाव्यासकटची, आली २.१०. ओलाव्यासाठी ती कार्बाइडची बाटली, म्हणजे ६ ग्रॅम माती, कार्बाइड, झाकण घट्ट लावून हलवायचं, आत गॅस तयार होतो आणि काटा सरकतो. काटा ९.१ टक्क्यांवर थांबला. लॅबमधली एमडीडी (जास्तीत जास्त कोरडी डेन्सिटी) १.९८, जागेवर तिच्या ९७ टक्के पाहिजेत. कोरडी डेन्सिटी काढायला मी २.१० ला १.०९१ ने भागलं, १.९२५ आलं, म्हणजे ९७.२ टक्के, पास! सुपरवायझर तर लगेच पुढच्या थराचे डंपर बोलवायला निघाला.

मामांनी रजिस्टर बघितलं आणि एवढंच विचारलं, "अरे, हा काटा ओल्या वजनावर का कोरड्या?"

झालं. बाटली ओल्या वजनावरची टक्केवारी दाखवते आणि आपल्याला कोरड्यावरची लागते, म्हणजे ९.१ भागिले ९०.९, १० टक्के. परत भागलं तर १.९०९, म्हणजे ९६.४, नापास. सुपरवायझर म्हणाला पॉइंटभराने काय होतंय साहेब, पण मामा ऐकेनात, डंपर थांबवले. ओलावा ओएमसीच्या (ज्या ओलाव्याला मुरूम सगळ्यात घट्ट दबतो त्याच्या) जवळच होता त्यामुळे पाणी न मारता रोलरचे अजून दोन पास दिले.

शेजारी दुसरी टेस्ट घेतली तर आधीपेक्षाही कमी आली! आता माझं डोकं फिरलं, दाबल्यावर डेन्सिटी कमी कशी होईल? बघतो तर पाच-सात मीटरवर रोलर व्हायब्रेशन लावून पुढची पट्टी मारतोय. जमीन हादरली की खड्ड्यातली वाळू ठासून बसते, जास्त मावते, मग खड्डा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो आणि डेन्सिटी उगाच कमी दिसते. रोलर बंद करायला लावला, ड्रायव्हर बिडी पेटवून बसला (बाटलीपासून लांब, तो गॅस ॲसिटिलीन असतो), आणि परत घेतली तेव्हा १.९३ आली, साडेसत्त्याण्णव.

तेव्हापासून मुरमात मोठे खडे असतील तर मी त्या ६ ग्रॅमवर विसंबत नाही, सॅम्पल ओव्हनला लावतो, भले रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळो आणि सुपरवायझर तोंड वाकडं करो. आणि कार्बाइडच्या डब्याचं झाकण उघडं ठेवू नका, हवेतली ओल लागून पावडर मरते आणि काटा कमी दाखवतो. आमचा अर्धा डबा पहिल्याच पावसात असा गेला, तोही मीच उघडा ठेवलेला.