मनश्शेचे पान

पानावर कोरी जागा दिसली की मजकूर गळाला असणार, असे मुद्रितशोधकाला पहिल्यांदा वाटते. एका दिवशी या सवयीने माझी चांगलीच फजिती केली.

बायबलच्या जुन्या करारातील ‘राजे’ आणि ‘इतिहास’ हे ग्रंथ शेजारी-शेजारी दोन रकान्यांत मांडणाऱ्या एका अभ्यासपुस्तकाची प्रुफे मी तपासत होते. समोर यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा राजा मनश्शे याचे पान होते : डावीकडे ‘२ राजे’चा २१वा अध्याय, उजवीकडे ‘२ इतिहास’चा ३३वा. बाराव्या वर्षी तो गादीवर आला, ५५ वर्षे राज्य केले, बाप हिज्कीयाने पाडलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थाने, त्याने पुन्हा बांधली, असे पहिल्या नऊ वचनांत दोन्हीकडे जवळपास त्याच शब्दांत होते. त्यामुळे जिथे फरक आढळला तिथे मी लाल पेन चालवले. राजमाता हेफसीबेचे नाव उजवीकडे नव्हते, ते समासात घातले. डावीकडे त्याने ‘पुत्राला’ अग्नीत अर्पण केले होते आणि उजवीकडे ‘पुत्रांना’. तिथे एकवचन केले.

दहाव्या वचनानंतर मात्र दोन्ही रकाने फुटले. डावीकडे संदेष्ट्यांची वाणी होती, की ताट पुसून पालथे घालावे तसे यरुशलेम पुसून टाकले जाईल. तिच्यासमोर उजवीकडे कोरे. पुढे उजवीकडे अश्शूरचे सरदार मनश्शेला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो नम्र होऊन प्रार्थना करतो, परमेश्वर ती ऐकून त्याला यरुशलेमेस परत आणतो आणि तो परक्या देवांच्या मूर्ती काढून टाकतो. त्याच्यासमोर डावीकडे कोरे. अश्शूरची राजधानी निनवे, मग तिच्या सैन्याने कैदी बाबेलला का न्यावा, म्हणून समासात ‘निनवे?’ असेही मी लिहिले आणि गळालेला मजकूर शोधण्यात सकाळ घालवली.

दुपारी संपादक आले. ते हिब्रू शिकवतात, आम्ही त्यांना सर म्हणतो. पान पाहून ते म्हणाले, “अहो, एकही अक्षर गळालेले नाही. तुम्ही दोन लेखकांचा एक लेखक करायला निघालात.”

‘राजे’ यहूद्यांच्या बाबेलमधील बंदिवासातच संपतो. यहूदाचा राजा यहोयाखीन बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवतो आहे, हे त्याचे शेवटचे चित्र. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलपुढे यरुशलेम का पडले, याचा जाब त्या लेखकाला द्यायचा आहे, आणि तो दोष मनश्शेच्या माथी इतका पक्का मारतो की नातू योशीयाच्या सुधारणांनीही तो धुतला जात नाही. ‘इतिहास’ संपतो तो पारसाचा राजा कोरेश याने यहूद्यांना दिलेल्या मायदेशी परतण्याच्या परवानगीने. इथे राजाचे कर्म बहुधा त्याच्याच हयातीत फळते. मग दावीदाच्या वंशात सर्वांत दीर्घ राज्य या पापी राजाला कसे लाभले, याचे उत्तर पश्चात्तापात मिळते.

हा लेखक राजांना नुसता उजळवतो, असे म्हणून मी सरांशी वाद घातला. त्यांनी योशीयाचे पान काढले. सज्जन योशीया मगिद्दो येथे मिसरचा राजा फारो नखो याच्याकडून मारला जातो. ‘राजे’ ते एका वचनात, कारण न देता सांगतो, तर ‘इतिहास’ म्हणतो की नखोच्या मुखातून आलेले देवाचे शब्द योशीयाने ऐकले नाहीत. म्हणजे तिथे चांगल्या राजावर डाग पडला. माझा मुद्दा गेला.

आणि ‘निनवे?’ अश्शूरच्या एसर-हद्दोनच्या शिलालेखात, निनवेतील राजवाड्यासाठी लाकूड-दगड पुरवणाऱ्या राजांत मनश्शेचे नाव आहे. तिथे तो निमूटपणे सेवा करणारा मांडलिक दिसतो. त्याच्या कैदेचा उल्लेख अश्शूरच्या लेखांत सापडलेला नाही. बाबेलही मात्र तेव्हा अश्शूरच्याच ताब्यात होते, आणि इ. स. पू. ६५२ मध्ये तिथे सम्राट अश्शूरबनिपालच्या भावाने बंड केले. काही अभ्यासक मनश्शेची कैद त्या धामधुमीशी जोडतात. मला ती जोड मोहक वाटते, सिद्ध वाटत नाही. समासातले प्रश्नचिन्ह मी खोडले, हेफसीबा काढली, पुत्रांचे अनेकवचन परत केले आणि दोन्ही कोऱ्या जागांत ‘मुद्दाम कोरी’ असे लिहिले.

जाता जाता पुढचे वचन वाचले आणि पुन्हा अडले. त्याच ‘इतिहास’मध्ये, २२व्या वचनात, मनश्शेचा मुलगा आमोन बापाने केलेल्या मूर्तींना बळी देतो. मूर्ती काढून टाकल्या होत्या ना? मी सरांना फोन केला. त्यांनी पंधरावे वचन पुन्हा वाचायला सांगितले. मनश्शेने त्या नगराबाहेर फेकल्या, एवढेच तिथे आहे. फोडून त्यांचा चुरा करतो तो पुढच्या अध्यायात योशीया.